झुंबर मिस्तरीचा लाजरा भाचा

नाशकात द्वारकेच्या नाक्यापाशी, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ओळीत झुंबर पगारे मिस्तरीचं जळक्या मोटरी भरायचं दुकान होतं. त्या दुकानात झुंबरचा एक भाचा काम करायचा. मूळचा नांदगावचा. हाताला असा गुण, की त्यानं भरलेली मोटर एकदा विहिरीवर बसवली की माणूस तिला विसरून जायचा. मखमलाबादेपासून आडगावापर्यंतच्या मळेवाल्यांना त्या भाच्याचं भारी कौतुक. पण गंमत अशी, की पाच वर्षांत त्याला डोळ्यांनी कोणी पाहिलं नव्हतं.

"लाजरा आहे हो," झुंबर सांगायचा. "माणूस दिसला की त्याचा हात कापतो. म्हणून आत बसवतो, गोणपाटाच्या आड."

लोकांना पटायचं. चांगला कारागीर म्हटला की त्याला एखादी खोड असणारच, असं लोक धरूनच चालतात. कोणी दारू पितो, कोणी भांडतो, हा लाजतो. त्यातल्या त्यात बरी खोड म्हणायची.

एकदा आतून शिंक आली. नाजूक शिंक. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकानं कान टवकारले. "मिस्तरी, भाचा लहान हाय का हो अजून?"

"सर्दीनं आवाज बसलाय त्याचा," झुंबर म्हणाला, आणि आत सुलाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तर भाचाबिचा कोणी नव्हता. गोणपाटाच्या आड झुंबरची बायको होती, सुलाबाई.

मोटर जळते म्हणजे काय, तर तिच्या पोटातली तांब्याची तार जळते. ती जुनी तार उपसून काढायची, खाचा खरवडून साफ करायच्या, त्यात कागद घालायचा, नव्या तारेचे वेढे मोजून एकेका खाचेत बसवायचे, वर बांबूच्या कामट्या सारायच्या, दोऱ्यानं घट्ट बांधायचं आणि व्हार्निश पाजून सुकवायचं. याला म्हणायचं मोटर भरणं. यात ताकद लागत नाही. लागतो तो धीर, आणि लागते मोजदाद. दोन-चार वेढे इकडचे तिकडे झाले तर मोटर आठ दिवसांत पुन्हा धूर सोडते.

सुलाबाई नांदगावच्या शाळेत सातवी शिकलेली. मोजण्यात ती कधी चुकली नाही. नवं लग्न झालं तेव्हा झुंबर दुसऱ्याच्या दुकानात कामाला होता. वेढे गुंडाळायचं काम तो घरी आणायचा आणि ती लाकडी साच्यावर वेढे गुंडाळून द्यायची. दहा वेढे झाले की एक चिंचोका उजवीकडून डावीकडे सरकवायचा, ही तिची रीत. मोजत असताना तिच्याशी बोलायचं नाही. दारात पाहुणा आला तरी ती एक बोट वर करायची. पाहुण्यानं थांबायचं.

पुढं झुंबरनं स्वतःचं दुकान टाकलं. आणि त्र्याहत्तर साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, साखळी सुटून मोटरीचं लोखंडी अंग त्याच्या उजव्या हातावर पडलं. हात वाचला, पण तीन बोटं मिटेनात. ज्याला खाचेत तार बसवायची आहे, त्याची बोटंच मिटत नाहीत म्हटल्यावर करायचं काय?

दुकानात त्या वेळी मखमलाबादच्या गोटीरामची मोटर येऊन पडली होती. गोटीरामचा दोन बिघे झेंडू, दसरा तोंडावर, आणि विहिरीत पाणी असून रोपं माना टाकायला लागलेली.

"त्याला सांगून टाकतो, दुसरीकडं ने," झुंबर म्हणाला.

"मी भरते," सुलाबाई म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना पाणी पाहिजे. तुम्ही शेजारी बसून सांगा, हात माझे."

चार दिवस लागले. दोनदा भरलेलं उपसून पुन्हा भरलं. तिच्या बोटांना चिरा पडल्या, त्यांत व्हार्निश गेलं, रात्री भाकरी थापताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण पाचव्या दिवशी मोटर अशी फिरली, की झुंबरनं तिच्यावर हात ठेवून डोळे मिटले. जरासुद्धा थरथर नाही.

गोटीराम मोटर न्यायला आला आणि झुंबरच्या हाताचं बांधलेलं फडकं बघून थबकला. "मिस्तरी, तुमचा तर हात मोडला. मग भरली कुणी?"

झुंबरच्या तोंडून निघून गेलं, "भाच्यानं."

असा तो भाचा जन्माला आला.

दसऱ्याला गोटीरामच्या झेंडूनं बाजार मारला. दुसऱ्या दिवशी तो दुकानी हजर. हातात टॉवेल, टोपी आणि नारळ. आपल्याकडं कर्तबगार गड्याचा मान टॉवेल-टोपीनं करतात, तसा त्याला करायचा होता. "भाच्याला बोलवा."

"लाजतो हो."

"बरं, मग तुम्हीच द्या. पण टोपी त्याच्याच डोक्यावर बसली पायजे, बरं का!"

त्या संध्याकाळी घरी सुलाबाईनं ती पांढरी टोपी डोक्यावर घातली, आरशात पाहिलं आणि पोट धरून हसली. झुंबरही हसला. मग तिचं हसू थांबलं. टोपी घडी घालून तिनं ट्रंकेत ठेवली आणि कितीतरी वेळ ट्रंकेपाशीच बसून राहिली.

अशी पाच वर्षं गेली. आणि अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात दुकानासमोरच्या गोदामाच्या भिंतीला सहादू पेंटरनं शिडी लावली.

'सदाझरा' नावाची पंपाची कंपनी होती, तिची जाहिरात रंगवायची होती. सहादू चित्र काढू लागला. मधोमध पंप. त्यावर हात ठेवून एक फेटेवाला, मिशा अशा पिळलेल्या की जणू पंप त्यानंच जन्माला घातला. मागं एक बाई, डोक्यावर दोन हंडे, नजर खाली. वर लिहिलं, 'सदाझरा – मर्दाची निवड!' आणि खाली लिहिलं, 'इतका सोपा, की बाईसुद्धा चालू करील!'

दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसायचं. सुलाबाई पायरीवर बशीतून चहा पीत होती. नखांत काळं व्हार्निश. आत टेबलावर सदाझराचीच जळकी मोटर उघडी पडलेली.

"सहादू भाऊजी, जयभीम. ती बाई कुठं बघतीय?"

"जयभीम, वैनी. खाली बघतीय. कंपनीनं नमुना दिलाय, त्यात खालीच बघतीय."

"पंप आल्यावर डोक्यावर हंडे कशाला तिच्या?"

सहादू विचारात पडला. "हंडे काढले तर तिच्या हातात देऊ काय? बाई नुसती उभी कशी करायची?"

"पान्हा द्या."

सहादू असा हसला की शिडी हलली. "पान्हा! मग वैनी, तो गडी काय करील?"

"हंडे धरील."

सहादूला ते इतकं आवडलं, की त्यानं ते आठ दिवस साऱ्या द्वारकेला सांगितलं. पण चित्रातले हंडे होते तिथंच राहिले. त्याचं तरी काय चुकलं? नमुना कंपनीचा, रंग कंपनीचा.

त्याच आठवड्यात सदाझराचे नाशिकचे विक्रेते कारभारीशेठ दुकानी आले. पोट सांभाळत स्टुलावर बसले आणि एक छापील अर्ज झुंबरपुढं ठेवला. "मिस्तरी, नशीब काढलंत. कंपनी नाशकात एकच दुरुस्ती केंद्र देणार. कंपनीच्या साऱ्या मोटरी तिथं येणार, तार कंपनीची, सामान कंपनीचं. जानेवारीत गोल्फ क्लबच्या मैदानावर शेतीचं प्रदर्शन आहे, तिथं पुण्याचे साहेब येतील आणि कारागीर बघून कागद देतील. मी तुमच्या भाच्याचं नाव सुचवलंय. सांगा, नाव काय त्याचं? लिहूनच टाकतो."

पाच वर्षांत भाच्याला नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.

"मी... मी भरून पाठवतो, शेठ."

शेठ गेले आणि गोणपाट बाजूला झालं.

"माझं नाव लिही," झुंबर म्हणाला.

"साहेब समोर बसवून भरायला लावील. तुमची बोटं मिटतात का?"

"मग नांदगावाहून भिकनला बोलावू. तुझा भाऊ आहे, एक दिवस भाचा होईल."

"भिकन टांगा हाकतो. त्याला मोटरीतलं पुढचं-मागचं तरी कळतं का?" सुलाबाईनं अर्ज घेतला, कारागिराचं नाव या ओळीवर बोट ठेवलं. "अहो, तीनशेच्या वर मोटरी भरल्या मी. एकीवर माझं नाव नाही. तुम्ही आहात तोवर ठीक. उद्या तुम्हाला काही झालं, तर या दुकानात मी कोण? भाच्याची मामी?"

झुंबर वाईट माणूस नव्हता. पण बायकोच्या जिवावर दुकान चालतं, हे घरात माहीत असणं निराळं आणि नाक्यावर माहीत होणं निराळं. सुलाबाईनं दौत पुढं ओढली आणि गोल, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'सुलाबाई झुंबर पगारे'. वाळल्यावर कागदाची घडी करून ठेवून दिली. दोन दिवस घरात भाकरी वाढ आणि पाणी दे, एवढंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी कारभारीशेठ पुन्हा आले, या वेळी घामाघूम. प्रदर्शनात पंपाशेजारी उभी राहायला एक बाई हवी होती. भिंतीवर लिहिलंय ना, बाईसुद्धा चालू करील, तर चालू करणारी बाई नको का? आणि शहरातली एकही बाई तयार होईना.

"वहिनी, तुम्ही उभ्या राहता का? बोलायचं काही नाही. कमरेवर हंडा घ्यायचा, हसायचं आणि सांगितलं की हिरवं बटण दाबायचं."

झुंबर उसळला. "शेठ, माझी बायको काय देखाव्याला—"

"राहते," सुलाबाई म्हणाली. "साहेब असतील ना तिथं?"

प्रदर्शनाला ही गर्दी! उसाच्या रसाची दुकानं, बियाण्यांचे तंबू, कर्णे. सदाझराच्या मांडवात मोठ्या टाकीत पाणी, त्यातून पंपानं उचलायचं आणि पुन्हा त्यातच सोडायचं. सुलाबाईला हिरवं नऊवारी नेसवलं. शेठांच्या घरून नथ आली होती.

"नथ राहू द्या," ती म्हणाली. "आमच्यात नाही घालत. आणि बटण काही नाकानं दाबायचं नाही."

कंपनीचा एक टायवाला पोरगा माइकवर बोलायला होता. पुण्याचे साहेब खुर्चीत बसले. पुढच्याच ओळीत गोटीराम, त्याची बायको नवसाबाई, आणि जरा मागं झुंबर. सुलाबाईच्या कमरेवर रिकामा हंडा आणि कनवटीला अर्जाची घडी.

"शेतकरी बंधूंनो!" टायवाला ओरडला. "या आमच्या अडाणी भगिनीनं आयुष्यात कधी मोटर पाहिलेली नाही! तरी पाहा, एका बोटानं ती पाणी काढील! दाबा ताई!"

सुलाबाईनं बटण दाबलं. मोटर फिरली. आणि एका श्वासात तिच्या ध्यानात आलं, की काहीतरी उलटं आहे. पाइपाच्या तोंडातून पाणी आलं, पण म्हाताऱ्याच्या चुळीसारखं. घळघळ, थेंबथेंब.

टायवाला बोलतच होता, "पाहा, केवढा जोर!" आणि लोक बघत होते पाइपाकडं. मागून कोणी ओरडलं, "बाईचा हात लागला अन् पाणी रुसलं!" सारा मांडव हसला. टायवाल्याचा चेहरा पडला. त्यानं माइक सोडला नाही, तो म्हणाला, "ताईंनी बटण नीट दाबलं नाही, त्यांची सवय नाही ना."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. कारभारीशेठ उपरण्यानं मान पुसू लागले. सुलाबाईनं ओळखलं, हा माणूस आता उठून जाणार, आणि कनवटीचा कागद कनवटीलाच राहणार.

तिनं हंडा खाली ठेवला. लाल बटण दाबलं. फळीवरच्या मेन स्विचचा खटका पाडला. "कोणी हात लावू नका," असं म्हणून स्टार्टरचं झाकण धरलं आणि गर्दीकडं वळली.

"अहो, टेस्टर द्या."

झुंबरच्या खिशाला टेस्टर असायचाच. आता साऱ्या माना त्याच्याकडं वळल्या. नाक्यावरचे निम्मे लोक तिथं होते. तो नुसता मान फिरवून उभा राहिला असता, तर भाच्याचं बिंग तसंच झाकलेलं राहिलं असतं. क्षणभर तो हललाच नाही. मग पुढं आला आणि डाव्या हातानं टेस्टर दिला.

"फेज उलटे आहेत ना?" त्यानं हळूच विचारलं.

"हो. दोन तारा बदलते."

"मेन पाडलाय?"

"पाडलाय. तिथंच उभे राहा, कोणी वर करील."

मांडवाच्या वायरमननं तीन तारांतल्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या होत्या. असं झालं की मोटर उलटी फिरते. आवाज तसाच, धाप तशीच, पण पाणी नावाला. सुलाबाईनं दोन स्क्रू सोडले, तारा बदलल्या, स्क्रू आवळले, झाकण बसवलं. खटका वर. हिरवं बटण.

पाणी असं उसळलं, की टाकीच्या पलीकडं उभा असलेला टायवाला टायसकट न्हाला. मांडवात एकच गलका उठला. पोरं नाचायला लागली.

गोटीराम पुढं सरसावला. "अगं बाई, हे तुला शिकवलं कुणी?"

सुलाबाई बोलणार, तोच झुंबर बोलला. मोठ्यानं बोलला. "गोटीरामभाऊ, हाच माझा भाचा."

गोटीरामला पहिल्यांदा कळेना. मग कळलं, तशी त्याची मान लाल झाली. "म्हंजे... माझी मोटर... अन् मी दिलेली टोपी?"

"ट्रंकेत आहे, भाऊ," सुलाबाई म्हणाली. "मला जरा ढिली होते."

लोक हसले, आणि या वेळी ते गोटीरामला हसले. त्याला ते लागलं. "पाच वर्सं फसवलं तुम्ही मला! बाईनं भरलेली मोटर मी माझ्या विहिरीवर—"

"मग काय झालं?" नवसाबाईनं त्याला मधेच तोडलं. "पाच वर्सांत एकदा तरी जळली का? अन् ती चालू कोन करतं, सांगू का समद्यांम्होरं? पहाटं लाईट येती, तवा तुम्ही फुलं घेऊन बाजारात असता. हे बटन मीच दाबते रोज. पंपात पानी भरून घेते, आवाज ऐकते, मंग वाफ्यावर जाते. माझ्या दोन्ही जावा तेच करतात. अन् भिंतीवर काय लिवलंय म्हनं, बाईसुद्धा! आमच्या मळ्यात बाईच चालू करती. सुद्धा-बिद्धा काय नाय."

बायकांच्या बाजूनं हशा आला. तोवर त्या बाजूनं कोणाचा आवाजच आला नव्हता.

साहेब खुर्चीतून उठून आले. सभ्य माणूस. "बाई, तुम्ही आमची लाज राखलीत." सुलाबाईनं कनवटीचा अर्ज काढून त्यांच्या हाती दिला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला.

"असं करू, केंद्र तुमच्या मालकांच्या नावानं देतो. काम तुम्ही करा. तुमच्या नावावर गिऱ्हाइकाचा भरवसा बसायला वेळ लागेल हो. आणि तुमचा फोटो आमच्या कॅलेंडरवर घालू. घरोघर जाल."

"घरोघर खिळ्याला टांगून राहीन मी, साहेब," सुलाबाई म्हणाली. "मला त्या कागदावर जायचंय."

"दोन तारा बदलणं वेगळं आणि मोटर भरणं वेगळं."

"खरं आहे. जळकी मोटर द्या. इथंच भरते. सगळ्यांसमोर."

साहेबांना नाही म्हणायला जागा राहिली नाही. शेठांच्या गोदामातून पाच घोड्यांची मोटर आली, पार कोळसा झालेली. सुलाबाईनं नऊवारी सोडून आपलं रोजचं लुगडं नेसलं, मांडवात पोतं अंथरलं, दुकानातून साचा, कामट्या आणि चिंचोक्यांची पिशवी मागवली आणि बसली.

अशी ती पाच वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर बसली. आणि लोकांनी काय लोकांसारखं वागू नये? बियाण्यांचे तंबू ओस पडले. कोणी म्हणालं, बाई तार खाचेत घालतीय का सुई ओवतीय. कोणी म्हणालं, संध्याकाळपर्यंत रडेल. दोघा टवाळांनी तिची मोजणी मोडायला मुद्दाम आकडे मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली, "बावीस! अडुसष्ट! एकतीस!" सुलाबाईनं मान वर केली नाही. ओठ हलत राहिले. चिंचोका सरकत राहिला. टायवाल्यानं येऊन विचारलं, "ताई, चहा घेणार?" तर तिनं एक बोट वर केलं. तो थांबला. त्या बोटापुढं मघाशी साहेबही थांबले होते.

नवसाबाईनं टवाळांच्या पुढं जाऊन ठाण मांडलं. "आकडे येतात व्हय तुमाला? मंग इकडं या, माझ्या दुरड्या मोजून द्या." ते गेले.

पहिल्या दिवशी वेढे घालून तिचा हात दुखायला लागला, दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं सालपट निघालं. झुंबर शेजारी बसून कागदाच्या पट्ट्या कापत होता, डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या. ती त्या सरळ करून घेत होती. दुपारी गोटीराम येऊन लांब उभा राहिला, बराच वेळ. तिची बोटं कशी चालतात ते बघत होता. जाताना पाण्याचा तांब्या पोत्याशेजारी ठेवून गेला. गोटीरामच्या घरच्या तांब्यातून पगाऱ्यांच्या घरचं माणूस पाणी प्यायल्याचं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. सुलाबाईनं खाच पुरी केली, मग तांब्या उचलून पाणी प्याली.

तिसऱ्या दिवशी व्हार्निश सुकलं. साहेबांनी स्वतः मीटर लावून तिन्ही फेजवरचा करंट पाहिला. तिन्हीकडं काटा एकाच ठिकाणी. त्यांनी मीटर बदलून आणायला सांगितलं. दुसऱ्या मीटरवरही तेच.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या कारखान्यातून निघते ती मोटर इतकी सारखी नसते."

"असायला पाहिजे ना, साहेब. मग जळणार नाही."

साहेब हसले आणि त्यांनी खिशाचं पेन काढलं. अर्जावर सही केली, कारागिराच्या नावाला हात न लावता.

पक्का कागद मार्चात टपालानं आला. त्याच टपालात कंपनीचं नवं कॅलेंडरही आलं. त्यावर कोणी तरी गोरी बाई दोन हंडे घेऊन, नजर खाली घालून उभी. कंपनी काही एका दिवसात सुधारत नसते. सुलाबाईनं कॅलेंडरची गुंडाळी केली आणि खाचांचे कागद कापायला वापरली. कागद चांगला जाड होता. गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर पहिले दोन महिने निम्मी आली नाहीत. बाईकडं मोटर कशी द्यायची, म्हणून दुसरीकडं गेली. काही परत आली, काही आलीच नाहीत. जी आली, त्यांत बायका जास्त. त्या मोटरीचं दुखणं बरोबर सांगायच्या. सुरू होताना कण्हते, दुपारी तापते, पाणी सोडताना दचकते. पुरुष गिऱ्हाईक नुसतं म्हणायचं, बिघडली.

पावसाळ्याच्या आधी एक दिवस हरसूलकडचा मंगळू नावाचा माणूस आला. एसटीच्या टपावर मोटर घालून आणलेली, नाक्यापासून हमालाच्या डोक्यावर. पुढं बसलेल्या झुंबरला त्यानं रामराम घातला. "पगारे मिस्तरी तुम्हीच का?"

झुंबरनं मिशीतल्या मिशीत हसून मागं अंगठा केला. मंगळूनं मान वाकवून पाहिलं. पान्हा हातात, पदर खोचलेला, एक बाई त्याच्याच मोटरीकडं चालत येत होती. तो जरा मागं सरला.

"बाई?"

"हो, बाई. विहीर किती खोल तुमची?"

"सात पुरुष."

"मोटर सुरू करायच्या आधी पाणी भरता का पंपात? कोण भरतं?"

"बायको भरती."

"मग पुढच्या वेळी तिलाच पाठवा. तिला विचारायचंय, जळायच्या आधी आवाज कसा येत होता." तिनं झाकण उघडलं, वाकून वास घेतला, आतली काळी तार नखानं खरवडली.

मंगळूनं टोपी हातात घेतली, पुन्हा डोक्यावर घातली. त्याला पाचची एसटी गाठायची होती. "संध्याकाळपर्यंत होईल का, बाई? लोक म्हनले, तुम्ही लवकर भरता."

"चार दिवसांनी या."

"चार? लय झाले."

"व्हार्निश सुकल्याशिवाय मोटर बाहेर जात नाही माझ्या दुकानातून," सुलाबाई म्हणाली आणि साचा पुढं ओढून तिनं आधी आलेल्या मोटरीचा पहिला वेढा घातला.